शब्दांची रास

दिवाळीच्या सुमारास भंडारा जिल्ह्यातील धानाच्या बांध्या पिवळ्या पडू लागतात. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, तुमसर-मोहाडीपासून पवनी-लाखांदूरपर्यंत, जिकडे दृष्टी जावी तिकडे लोंब्यांच्या भाराने वाकलेले पीक उभे असते. कोहळी लोकांनी आणि जुन्या मालगुजारांनी बांधलेल्या तलावांचे पाणी पिऊन हे धान वाढलेले असते. मग एके दिवशी पहाटे विळे घेऊन माणसे बांधीत उतरतात आणि धानाचा शेतातून घराकडे प्रवास सुरू होतो. हा प्रवास फार लांबचा नाही. पण त्याच्या वाटेवर जितके मुक्काम आहेत, त्या प्रत्येक मुक्कामावर तेथील लोकांनी एकेक शब्द उभा करून ठेवला आहे.

विळ्याने कापताना डाव्या हातात मावते ती मूठ. अशा काही मुठी बांधीतच उन्हात पसरून ठेवतात; त्या कडपा. कडपा वाळल्या म्हणजे त्या गोळा करून बंधाने आवळतात; तो भारा. भारे डोक्यावरून किंवा बंडीतून खळ्यावर आणतात आणि एकावर एक रचतात, ते पुंजणे. मळणी होऊन दाणा तणसापासून वेगळा झाला, वाऱ्यावर उफणून स्वच्छ झाला, की खळ्याच्या मध्यभागी उभी राहते ती रास. रास पोत्यांत भरून पोती एकावर एक ठेवली, म्हणजे ती झाली थप्पी.

धान तेच. दाणेही तेच. मग त्याला इतके शब्द कशाला हवेत? सर्वांना 'ढीग' म्हटले असते तर काय बिघडले असते?

ह्या प्रश्नाचे उत्तर शेतकऱ्याच्या चिंतेत सापडते. कार्तिक महिन्यात अवचित आभाळ भरून येते आणि रात्रीतून पाऊस पडतो. सकाळी बांधावरून परतलेला माणूस घरी येऊन एवढेच म्हणतो, "कडपा भिजल्या." ह्या दोन शब्दांत सारी आपत्ती आली. धान कापून झाले आहे, म्हणजे ते आता मुळाच्या आधाराने उभे राहू शकत नाही; ते अजून बांधलेले नाही, म्हणजे उचलून आडोशाला नेता येत नाही; लोंब्या पाण्यात पडल्या आहेत आणि लवकर ऊन पडले नाही तर दाण्यांना कोंब फुटतील. हे सर्व घरातल्या माणसांना समजावून सांगावे लागत नाही. 'कडप' ह्या शब्दानेच ते सांगितलेले असते. तेच धान पुंजण्यात असते तर पावसाची भीती पुष्कळच कमी. कारण पुंजणे रचताना लोंब्या आत व बुडखे बाहेर ठेवलेले असतात. पुंजण्याला भीती असते ती आगीची. एक ठिणगी पडली तर वर्षाची मेहनत घटकेत राख होते. म्हणून कोणी "पुंजणे पेटले" असे ओरडले की सारा गाव हातातले काम टाकून धावतो. राशीची गोष्ट निराळी. रास म्हणजे संकटांतून सुखरूप पार पडलेले धान. तिच्यापुढे शेतकरी हात जोडतो. पूर्वी ह्याच राशीतून सुतार, लोहार, कुंभार इत्यादी बलुतेदारांना त्यांचा वाटा दिला जाई आणि दारी आलेल्याला सुपातून धान्य घातले जाई.

एखाद्या घरी शहरातून आलेला नातू विचारतो, "आजी, पुंजणे म्हणजे ढीगच ना?" तेव्हा आजी हसून म्हणते, "अरे, ढीग तर कचऱ्याचाही होतो. पुंजणे रचावे लागते."

आजीने सांगितलेला हा भेद लहान नाही. समूह दाखविणारे जे शब्द भाषेत असतात, ते वस्तू किती आहेत हे क्वचितच सांगतात. वस्तू एकत्र कशा आल्या, त्या कोणी आणल्या आणि कशासाठी आणल्या, हे ते सांगतात. संख्या मोजायला आकडे आहेत. एकत्र येण्याची रीत सांगायला हे शब्द आहेत.

मराठीत अशा शब्दांचे वैभव फार मोठे आहे, आणि ते स्वयंपाकघरापासून आकाशापर्यंत पसरले आहे. भाकऱ्या तव्यावरून उतरून एकीवर एक पडतात, त्यांची चवड होते. नाणी बोटांनी नीट जुळवून एकावर एक उभी केली, की त्यांची चळत होते. किल्ल्या एका कडीत अडकवल्या की तो जुडगा. मेथीच्या काड्या एका धाग्याने बांधल्या की ती जुडी. लाकडे बांधून डोक्यावर घेतली म्हणजे मोळी, आणि वह्यापुस्तके दोरीने बांधली म्हणजे गठ्ठा. बांधण्याची क्रिया सर्वत्र आहे. पण मोळीत डोके आणि चुंबळ दिसते, जुडीत बाजारात बसलेल्या भाजीवालीची बोटे दिसतात, तर गठ्ठ्यात शाळेची घंटा ऐकू येते.

काही समूह माणूस करीत नाही, निसर्ग करतो. केळीचा घड, द्राक्षांचा घोस, करवंदांची जाळी, बांबूचे बेट हे शब्द त्या त्या झाडाची वाढ ओळखून ठेवलेले आहेत. घडातही पुन्हा पोटविभाग आहेत. घडाच्या फण्या होतात आणि फणीची केळी होतात. फुले वेलीवर एकत्र फुलली म्हणजे त्यांचा झुबका दिसतो. तीच माणसाने खुडून बांधली म्हणजे गुच्छ होतो. झाडावरचे आंबे काढून गवतात लपवून पिकत घातले, की त्यांची अढी होते. हाच शब्द मनातील रागालाही लावतात. परंतु दोन्हींची गती एक नाही. अढीतला आंबा दिवसेंदिवस गोड होतो, मनातली अढी दिवसेंदिवस कडू होते.

भंडाऱ्याच्या आजीने ज्याला पुंजणे म्हटले, त्या शब्दाच्या कुळातलाच 'पुंज' हा शब्द ताऱ्यांसाठीही वापरतात. मार्गशीर्षातील रात्री खळ्यावर राखणीला बसलेल्या माणसाने वर पाहिले, तर कृत्तिकांचा तारकापुंज त्याला डोक्यावर चमकताना दिसतो. खाली धानाचे पुंजणे, वर ताऱ्यांचा पुंज! भाषेने पृथ्वी आणि आकाश यांना एकाच कुळातील शब्दांनी बांधले आहे, हे त्या राखणदाराच्या ध्यानी येवो अथवा न येवो.

मोजमापाचे आरंभीचे शब्दही असेच हातापासून निघाले. तीन बोटांच्या टोकांत मावते ती चिमूट, बंद हातात मावते ती मूठ, दोन्ही तळव्यांत मावते ती ओंजळ आणि दोन्ही बाहूंत मावते ती कव. मीठ चिमटीने घ्यावे, तांदूळ मुठीने घ्यावा, पाणी ओंजळीने प्यावे आणि गवत कवेत घ्यावे. माणसाचे शरीर हेच येथे माप झाले आहे.

कधीकधी मात्र समूहाचा शब्द काटेकोर संख्येवर येऊन थांबतो. भंडारा जिल्ह्यात उन्हाळ्यात तेंदूची पाने तोडण्याचा हंगाम असतो. सूर्य उगवण्यापूर्वीच घरेच्या घरे जंगलाची वाट धरतात. पाने तोडून आणल्यावर दुपारी अंगणात बसून लहानथोर सारे ती मोजतात आणि सत्तर पानांचा एक पुडा बांधतात. महाराष्ट्रात पुड्याचे माप ७० पानांचे आहे आणि अशा १००० पुड्यांची एक प्रमाणित गोणी होते. मजुरी पुड्यांवर ठरते. म्हणून 'पुडा' ह्या शब्दात डोंगराची चढण, उन्हाची झळ आणि घरच्या सर्वांची मोजणारी बोटे सामावलेली आहेत. साठ पानांना पुडा म्हणता येत नाही आणि पाने फाटकी असली तर सत्तर भरूनही चालत नाही. येथे शब्द म्हणजे एक करार आहे.

पशुपक्ष्यांच्या समूहांना नावे देताना मराठी माणसाने त्यांचा स्वभाव पाहिला. चितळांचा कळप, पाखरांचा थवा, मुंग्यांची रांग, मधमाश्यांचे मोहोळ. गाईगुरांना 'कळप' हा शब्द आहेच. पण राखलेल्या, नांदत्या गुरांसाठी 'खिल्लार' असा अभिमानाचा शब्दही आहे. भंडारा-गोंदिया जिल्ह्यांत पसरलेल्या नागझिऱ्याच्या वनात रानकुत्री असतात. ती सर्व मिळून सावज हेरतात, घेरतात आणि मारतात. म्हणून त्यांचा कळप न म्हणता टोळी म्हणतात. कळपाला संरक्षण हवे असते. टोळीला सावज हवे असते.

ह्या प्रदेशात एक पक्षी असा आहे, की त्याचे नाव थव्याशी सहसा जोडले जात नाही. तो म्हणजे सारस. माणसाच्या उंचीचा, राखी रंगाचा, लाल मस्तकाचा हा पक्षी आयुष्याचा बहुतेक काळ जोडीने राहतो आणि पाणथळ जागी किंवा धानाच्या बांधीतच घरटे करतो. म्हणून लोक 'सारसांची जोडी' असेच म्हणतात. महाराष्ट्रात हा पक्षी आता मुख्यत्वे गोंदिया, भंडारा व चंद्रपूर ह्या पूर्वेकडच्या भागातच थोड्या संख्येने उरला आहे. ज्याच्या बांधीत सारसाने घरटे केले, असा शेतकरी तेवढी जागा सोडून कापणी करतो, तेव्हा तो केवळ दोन पक्षी वाचवीत नाही. 'जोडी' ह्या शब्दाला पुढच्या पिढीपर्यंत अर्थ राहावा, ह्याचीही तो सोय करतो. दोघांपैकी एकच उरला, तर त्यासाठी समूहाचा शब्द कोणत्याच भाषेत नाही.

इतर भाषांनीही अशी नावे शोधली आहेत. इंग्रजी भाषेतील ह्या नावांची कथा मनोरंजक आहे. इ. स. १४८६ मध्ये इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स ह्या गावी एक ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. शिकार कशी करावी, शिकारी ससाणे कसे पाळावे, घराण्यांची मानचिन्हे कशी ओळखावी, असे विषय त्यात होते. वरच्या वर्गातील तरुणांना रीतभात यावी, म्हणून त्यात पशुपक्ष्यांच्या व माणसांच्या समूहांची दीडशेहून अधिक नावे दिली होती. सिंहांच्या समूहाचे नाव 'प्राइड', म्हणजे गर्व. चंडोल पक्ष्यांच्या समूहाचे नाव 'एक्झाल्टेशन', म्हणजे उंच उंच जाणारा उल्हास. हंसजातीच्या कलकलाट करणाऱ्या बदकांचा 'गॅगल'. ह्या शब्दात त्यांचा आवाजच भरलेला आहे. मोरांच्या समूहाला 'मस्टर' म्हटले आहे. सैन्याला पाहणीसाठी एकत्र उभे करणे, असा ह्या शब्दाचा अर्थ. पिसारे फुलवून उभे राहिलेले मोर पाहून कोणाला तरी गणवेशातील सैन्य आठवले असावे. हाच 'मस्टर' शब्द पुढे मराठीत आला आणि कामावरच्या मजुरांच्या हजेरीपत्रकाला चिकटला.

त्याच यादीत कावळ्यांच्या समूहाला 'मर्डर', म्हणजे खून, असे भयंकर नाव आहे. मराठी माणसाने कावळ्यांकडे इतक्या रागाने पाहिले नाही. संध्याकाळी चिंचेच्या झाडावर सारे कावळे जमून एकाच वेळी बोलू लागले, की मराठीत म्हणतात, "कावळ्यांची शाळा भरली!" इंग्रजीतही एक शाळा आहे, पण ती माशांची. माशांच्या समूहाला तेथे 'स्कूल' म्हणतात. हा शब्द मात्र विद्येच्या शाळेपासून आलेला नाही. समूह अशा अर्थाचा एक जुना डच शब्द इंग्रजीत आला आणि उच्चारातील साम्यामुळे तो शाळेसारखा दिसू लागला. इंग्रजांचे मासे चुकून शाळेत गेले. मराठी कावळ्यांना मात्र त्यांचा गोंगाट ऐकून जाणूनबुजून शाळेत बसविण्यात आले आहे.

सेंट ऑल्बन्सच्या त्या यादीतील पुष्कळशी नावे केवळ चातुर्याची होती. ती माहीत असणे हे कुलीनतेचे लक्षण समजले जाई. शेतावर राबणाऱ्या इंग्रज शेतकऱ्याचे शब्द निराळे आणि साधे होते; त्याच्याही भाषेत पेंढीला, भाऱ्याला आणि कळपाला आपापले शब्द होतेच. दिवाणखान्यातील शब्द ऐकणाऱ्याला हसवतो आणि विसरला जातो. हातातून जन्मलेला शब्द काम आहे तोपर्यंत टिकतो. 'कडप' आणि 'पुडा' हे शब्द कोणी मिरविण्यासाठी घडविले नाहीत. त्यांच्यावाचून काम अडत होते, म्हणून ते झाले.

समूहाच्या शब्दांची खरी कसोटी लागते ती माणसांच्या बाबतीत. धानाला चुकीचे नाव दिले तर धान रागावत नाही. पण माणसांना कोणते नाव दिले, यावर त्यांना वागणूक कशी मिळेल हे ठरते. तीच वीस माणसे रस्त्यावर उभी आहेत असे समजावे. पाहणाऱ्याला ती ओळखीची नसली तर तो 'घोळका' म्हणेल. त्याला ती आवडत नसली तर 'टोळके' म्हणेल. त्याला भीती वाटली तर 'जमाव' म्हणेल. ती त्याच्या घरी जेवायला यायची असली तर तो 'मंडळी' म्हणेल, आणि पंढरीच्या वाटेवर टाळ वाजवीत निघाली असली तर 'दिंडी' म्हणून हात जोडील. माणसे बदलली नाहीत. पाहणाऱ्याची दृष्टी तेवढी बदलली.

कायद्यानेही ह्या गोष्टीचा विचार केलेला आहे. १८६० सालच्या भारतीय दंडसंहितेत बेकायदेशीर जमावाची व्याख्या होती, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही ती आहे. पाच किंवा अधिक माणसे असली आणि त्या सर्वांचा समान उद्देश कायद्याविरुद्ध असला, तरच तो बेकायदेशीर जमाव ठरतो. पाच ही संख्या पुरेशी नाही. उद्देशही पाहावा लागतो. एरवी पाच माणसे म्हणजे पंच. आणि पंचांच्या मुखी तर लोक परमेश्वर मानत आले आहेत.

परंतु उद्देश ठरवणार कोण? १९४२ सालच्या ऑगस्ट महिन्यात 'भारत छोडो'ची हाक देशभर गेली, तेव्हा भंडारा जिल्ह्यातील तुमसर येथेही लोक निर्भयपणे रस्त्यावर उतरले. त्यांच्यावर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काहींना प्राणास मुकावे लागले. परक्या सरकारच्या दृष्टीने तो जमाव होता. गावाच्या दृष्टीने तो मोर्चा होता. स्वतंत्र भारताच्या दृष्टीने त्यांतील प्राण देणारे हुतात्मे झाले. एकाच दिवसाला, एकाच रस्त्यावरील माणसांना दिलेली ही नावे आहेत. कोणते नाव खरे होते, याचा निकाल पुढे इतिहासाने दिला.

घरातला एक निरुपद्रवी शब्द माणसांना लावला म्हणजे किती कठोर होतो, हे 'उतरंड' ह्या शब्दावरून कळते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोठ्या मडक्यावर त्याहून लहान, त्यावर आणखी लहान, अशी मडकी रचतात. तिला उतरंड म्हणतात. जागा वाचते आणि घर नीटनेटके दिसते. परंतु उतरंडीत सर्वांत खालच्या मडक्यावर साऱ्यांचा भार असतो आणि त्याला कधी हलता येत नाही. म्हणूनच समाजातील उच्चनीचतेला 'जातींची उतरंड' असे म्हणतात. ह्या उतरंडीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर आयुष्यभर लढले. १९५४ साली लोकसभेची पोटनिवडणूक त्यांनी ह्याच भंडारा मतदारसंघातून लढविली होती. तीत त्यांना यश आले नाही. परंतु त्यांनी आधीच देशाला असे संविधान घडवून दिले होते, की ज्यात कोणताही नागरिक दुसऱ्याच्या डोक्यावर रचलेला नाही. मडक्यांची उतरंड असावी. माणसांची पंगत असावी. पंगतीत सर्वांची पाने एकाच ओळीत मांडलेली असतात.

माणसांनी समतेने एकत्र यावे, ह्यासाठी ह्या भूमीला एक फार जुना शब्द ठाऊक आहे. पवनी येथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी उत्खनन केले, तेव्हा एका प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष उजेडात आले. दगडांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांचे लेख आढळले. एकेका माणसाने एकेक दगड द्यावा आणि त्या सर्वांचा मिळून एक स्तूप व्हावा, अशी ती रीत होती. बुद्धाच्या अनुयायांनी एकत्र राहण्यासाठी जी व्यवस्था केली, तिचे नाव संघ. संघात येताना राजपुत्र आणि न्हावी दोघेही सारखेच होत. आज शाळेच्या मैदानावर खेळाडूंची निवड होते, तेव्हा मुले सहज 'आमचा संघ' असे म्हणतात. दोन हजारांहून अधिक वर्षांचा एक शब्द ती त्या वेळी उच्चारीत असतात. अकरा खेळाडू मैदानात उतरले एवढ्याने संघ होत नाही, हेही त्यांना पहिल्याच सामन्यात कळते.

भंडाऱ्याच्या लोकजीवनात एकत्र येण्याचा आणखी एक गोड शब्द आहे: मंडई. पुण्यामुंबईच्या मुलांना मंडई म्हटले की भाजीचा बाजार आठवतो. भंडारा-गोंदियाकडे मात्र भाऊबिजेपासून पुढे गावोगाव जो मेळा भरतो, त्याला मंडई म्हणतात. आज ह्या गावी, उद्या त्या गावी, असा तिचा क्रम असतो. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरून जातात, रात्री दंडार आणि नाटके रंगतात, आणि बोलता बोलता नव्या सोयरिकीही जुळतात. धान कापणीच्या धांदलीत मिळालेला हा आनंद असतो. एकच शब्द, पण एका प्रदेशात त्यात भाज्यांची गर्दी आहे आणि दुसऱ्या प्रदेशात आप्तांची.

असे हे शब्द एकामागून एक मागे पडत आहेत. आता पुष्कळ बांध्यांत हार्वेस्टर यंत्र उतरते. ते एका फेरीत धान कापते, मळते आणि दाणे वेगळे करून देते. मुठीपासून राशीपर्यंतचा प्रवास घटकेत संपतो. त्यामुळे दिवसभर वाकून दुखणाऱ्या कमरांना विसावा मिळाला, ही सुखाची गोष्ट आहे. तिच्याबद्दल कोणी खेद करू नये. मात्र जेथे यंत्र जाते तेथे कडप राहत नाही, भारा राहत नाही, पुंजणेही राहत नाही. वस्तू गेली की शब्द ओस पडतो. दुसरीकडे मोबाइलच्या पडद्यावर कुटुंब, वर्ग, मित्र, गाव आणि दुकान ह्या सर्वांना 'ग्रुप' हा एकच शब्द पुरू लागला आहे. तो सोयीचा आहे, यात शंका नाही. पण आजोळची मंडळी, क्रिकेटचा संघ आणि सोसायटीतील रहिवासी हे सारे एकाच नावाने हाक मारण्यासारखे आहेत काय, हे बोलणाऱ्याने क्षणभर थांबून पाहायला हवे.

शब्द राखणारी माणसेही झाली आहेत. मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मराठी पंडितांच्या साहाय्याने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला; तो १८३१ साली छापला गेला आणि १८५७ साली त्याची वाढविलेली आवृत्ती निघाली. पुढे यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या परिश्रमाने १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड प्रसिद्ध झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या झाडीपट्टीतील बोलीसाठी साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी गावोगाव हिंडून शब्द वेचले आणि झाडीबोलीचा कोश तयार केला. कापणीनंतर बांधीत पडलेल्या लोंब्या वेचाव्यात, तसेच हे काम. एकेक लोंबी वेचून शेवटी रास होते.

अशी वेचणी करायला मोठा पंडितच व्हावे लागते असे नाही. घरातील आजी चवड कशाला म्हणते आणि चळत कशाला, शेतावरचे काका भारा आणि पेंढी यांत काय भेद करतात, कोष्टी आजोबा कोशाच्या धाग्याची लड कशी धरतात, हे विचारले तर ते आनंदाने सांगतात. विचारणाऱ्याला शब्द मिळतो आणि सांगणाऱ्याला ऐकणारा मिळतो.

सकाळची घंटा झाली की चाळीस मुले एका खोलीत येऊन बसतात. कोणी मळणीच्या घरचा असतो, कोणी जाळे टाकणाऱ्याच्या घरचा, कोणी मागावर कोसा विणणाऱ्याच्या घरचा. दारातून आत शिरताना ती झुंबड असते, बाकांवर बसेपर्यंत ती गर्दी असते. एखाद्याला उत्तर येत नाही तेव्हा शेजारचा हसण्याऐवजी त्याला समजावून सांगू लागतो. त्या क्षणी चाळीस मुलांचा वर्ग होतो.